प्रत्यक्ष पाहणी केली

कामोठे,
रविवार दुपार

प्रिय बाबा,

तुम्ही जाऊन तीन महिने झाले आणि आज मी पहिल्यांदा तुम्हाला लिहितेय. खरं तर बसले होते ऑफिसचा खुलासा लिहायला. उद्या अकरा वाजता तो चौकशी समितीपुढे द्यायचाय. 'वरील विषयास अनुसरून' एवढं लिहून झालं आणि पुढे हात चालेना. मग दुसरा कागद ओढला, तो हा.

तुम्ही असतात तर हे सांगायची माझी हिंमत झाली नसती. आता तुम्ही नाही, तर सांगितल्याशिवाय राहवत नाही. काय म्हणायचं अशा मुलीला?

तर झालं असं. दरवर्षी पावसाळ्याआधी आम्ही पालिकेचे इंजिनियर जुन्या इमारती तपासतो. जागेवर जायचं, जिने बघायचे, छज्जे बघायचे, खांबावर हातोडीनं ठोकून आवाज ऐकायचा आणि मग अहवाल लिहायचा. पण ऑफिसात याची एक सोपी पद्धत पडलीय. मागच्या वर्षीचा अहवाल कॉम्प्युटरवर उघडायचा, तारीख बदलायची, प्रिंट काढायची. 'प्रत्यक्ष पाहणी केली' हे वाक्य त्यात आधीपासून असतंच! मी या पद्धतीला नावं ठेवायचे. चहाच्या टेबलावर, मोठ्यानं. यंदा मीही तेच केलं. एका इमारतीला केलं, कुणी काही म्हणालं नाही, मग असं करत एकूण सात इमारतींना केलं.

त्यातल्या एका इमारतीचा छज्जा गेल्या महिन्यात कोसळला. खाली सुमनताई बसल्या होत्या. जिन्याशेजारी मशीन टाकून ब्लाउज शिवतात त्या. उजवा हात चेपला. डॉक्टर म्हणतात, बोटं पहिल्यासारखी वळणार नाहीत. जीव वाचला म्हणून ऑफिसात सगळे मला म्हणाले, "सुटलात मॅडम!"

मी त्यांना बघायला हॉस्पिटलात गेले, बाबा. ऑफिसातून आले एवढंच सांगितलं, नाव नाही सांगितलं. साताऱ्याकडच्या आहेत त्या. मला म्हणाल्या, "आलासा ते लई बरं झालं बगा. आमच्या बिल्डिंगीकडं कुनी फिरकतच न्हाई." मी मोसंबीची पिशवी टेबलावर ठेवली आणि निघून आले. लिफ्टची वाटसुद्धा बघितली नाही, जिन्यानं उतरले.

तुमची आठवण तेव्हापासून पाठ सोडत नाहीये. तुमची नोकरी मोरा बंदरावरची, जिथून मुंबईला लाँच सुटतात. परवान्यात लिहिलेल्यापेक्षा एकही माणूस लाँचमध्ये जास्त चढू द्यायचा नाही, हे तुमचं काम. उजव्या खिशात चिंचोके असायचे. दहा माणसं चढली की एक चिंचोका डाव्या खिशात. अख्खी जेटी तुम्हाला हसायची. आईसुद्धा हसायची, कारण धुवायला टाकलेल्या प्रत्येक पँटीत चिंचोके निघायचे.

आणि तो माझ्या परीक्षेचा दिवस! सरकारी नोकरीची परीक्षा, केंद्र मुंबईला. ड्रेसला इस्त्री करत बसले आणि धावतपळत जेटीवर पोचले, तर तुम्ही साखळी लावलेली. लाँच चालवणारा तांडेल बिचारा माझी बाजू घेऊन म्हणाला, "सायेब, आपलीच पोर हाय. येक मानूस जास्ती झाला तं लाँच काय बुडनार हाय?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "आकडा भरला. पुढच्या लाँचनं ये."

पुढची लाँच! ओहोटी लागली होती, बाबा. पाणी चढेपर्यंत लाँच जेटीला लागणार नाही, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मी एसटीनं वळसा घालून पोचले तेव्हा पहिला पेपर संपत आला होता. वर्ष गेलं.

त्या संध्याकाळी मी तुम्हाला काय बोलले ते तुम्ही विसरला असाल असं मी स्वतःला कितीदा तरी समजावलं. "तुम्हाला माणसं दिसतच नाहीत, नुसते आकडे दिसतात." तुम्ही ताटावरून उठला नाहीत, पण जेवलातही नाही. मी ते शब्द कधी परत घेतले नाहीत. इतकी वर्षं होती हातात! पुढच्या वर्षी पास झाले, नोकरी लागली, लग्न झालं, दिवाळीला येत राहिले, पण त्या गोष्टीला हात लावला नाही.

तुमच्या दहाव्याला आईनं सांगितलं. परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही रजा टाकून मुंबईला गेला होतात म्हणे. त्या परीक्षेच्या ऑफिसात रांगेत उभं राहून विचारलंत, मुलीचा पेपर पुन्हा घेता येईल का? ते म्हणाले, नियमात बसत नाही. आणि तुम्ही 'बरोबर आहे' म्हणून परत आलात! आई सांगताना हसली आणि मग रडली. मी नुसती रडले. मला का नाही सांगितलंत? एवढं एक वाक्य सांगायला काय झालं होतं? आता इथं थोडं रागावू द्या मला. तुम्ही फार गप्प राहिलात, बाबा. एकदा तरी माझ्यासमोर चुकायचं होतंत. म्हणजे आज मला तुमच्या फोटोकडे बघायला एवढी भीती वाटली नसती.

आता उद्याचं ऐका. आमच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि म्हणाले, "मॅडम, टेन्शन घेऊ नका. अहवालावर खाली नेहाची छोटी सही आहे ना? लिहा, की पाहणी तिनं केली आणि तुम्ही विश्वासानं सही केलीत. शिवाय तेव्हा तुमचे वडील सिरीयस होते, तेही टाका. समितीत माणसंच बसलीयेत."

नेहा आमच्याकडची कंत्राटी इंजिनियर. येऊन दोन वर्षं झाली असतील. सातही अहवाल मी तिच्यापुढे ठेवले तेव्हा तिनं एवढंच विचारलं होतं, "मॅडम, जाऊन यायचं का आपण?" मी म्हणाले, "मागच्या वर्षी पाहिलंय गं. कर सही." तिनं केली. मी तिची साहेब, ती दुसरं काय करणार? आता ती माझ्या टेबलासमोरून मान खाली घालून जाते. तिला कळलंय माझ्या मनात काय चाललंय. तिचं कंत्राट या महिन्यात संपतंय.

खरं सांगते, दोन दिवस मी मनात तोच खुलासा लिहीत होते. माझं नाव वाचेल, बढती वाचेल. आणि कारणही कुणी खोडून काढणार नाही असं. तुम्ही होतातच की त्या पंधरवड्यात आयसीयूत! पण बाबा, ती इमारत आमच्या ऑफिसपासून चालत दहा मिनिटांवर आहे. त्या पंधरवड्यात मी रोज ऑफिसला गेले, दुपारी डबा खाल्ला, एकदा सगळ्यांबरोबर मिसळ खायलाही गेले. पाहणीला तेवढी गेले नाही. कंटाळा केला. तुमच्या आजारपणामुळे नाही, कंटाळ्यामुळे.

आणि नेहाच्या माथी मारलं, तर चौकशी एका छज्ज्यापाशीच थांबते. उरलेल्या सहा इमारतींचे अहवाल फाइलीत खरे म्हणून पडून राहतात. त्या सहा इमारतींत आज, या पावसात, माणसं राहतायत.

एक गोष्ट आजवर कुणालाच सांगितलेली नाही. शेवटच्या आठवड्यात, मास्क काढला होता त्या सकाळी, तुम्ही मला विचारलंत, "पावसाळा जवळ आला. पाहण्या झाल्या का गं?" मी तुमच्या अंगावरची चादर सारखी केली आणि म्हणाले, "हो बाबा, सगळ्या झाल्या." तुम्ही "मग बरं" म्हणालात आणि डोळे मिटलेत. माझ्याशी तुम्ही बोललेलं ते शेवटचं.

नाही झाल्या होत्या, बाबा. एकही झाली नव्हती.

तीन वाजलेत. नेहाला फोन केला होता, ती स्टेशनजवळच्या इमारतीपाशी हातोडी घेऊन येतेय. अंधार पडायच्या आत सहाही जिने बघून होतील, आणि जिथे ठोकल्यावर आवाज पोकळ आला, तिथल्या लोकांना मी आजच, दार वाजवून सांगेन. खुलासा रात्री लिहीन, चार ओळींचाच आहे. सातपैकी एकाही इमारतीत मी गेले नाही. नेहाही गेली नाही, कारण मी तिला जाऊ दिलं नाही. तुमचं नाव त्यात कुठेही येणार नाही, हा शब्द देते. आणि तो लिहायच्या आधी हॉस्पिटलात जाऊन सुमनताईंच्या खाटेशी उभी राहीन आणि सांगेन की तुमच्या बिल्डिंगीकडे जी फिरकली नाही, ती मी.

तुमची,
वैशू