स्रोताचा रकाना

२ मार्च, सकाळी ६.४०
संकल्प : यंदा मुख्य शब्दनिवारक होणे. दररोज ब्राह्ममुहूर्ती उठणे. ही रोजनिशी अन्य कोणाच्याही दृष्टीस पडू न देणे. पैकी मधला संकल्प आजच अंशतः सिद्धीस गेला. हिच्या शिलाई मशीनच्या खडखडाटाने झोपमोड झाली.
या पानांत वर्ज्य शब्द येतील, ते केवळ परीक्षणार्थ. विषाचा वैद्य विष बाळगतोच.

५ मार्च
भाषाशुद्धी कार्यालयातील प्रत्येक निवारकाने दरमहा किमान तीन शब्द भाषेतून काढावेत, असा कोटा आहे. फॉर्मला चार रकाने. शब्द, तो ज्यात उच्चारला गेला ते वाक्य, स्रोत, म्हणजे बोलणारा कोण व राहतो कुठे, आणि पर्यायी शब्द. माझे सहकारी स्रोताच्या रकान्यात सर्रास 'बसमधला अनोळखी इसम' असे ठोकून देतात. गतवर्षी या इसमाच्या मुखातून दोनशे चौदा शब्द बाहेर पडले. हा गृहस्थ घरी जातो तरी केव्हा?
असला कामचुकारपणा मला वर्ज्य. माझा रकाना स्वच्छ असतो : 'पत्नी, स्वगृह, दुसरा मजला.'

९ मार्च
ही दोन तास उभी राहून दुधाविना परतली. म्हणाली, टंचाई आहे म्हणे, आणि तुमच्या साहेबांच्या चहात मात्र साय तरंगते. टंचाई! तत्काळ टिपून घेतला. तिला वाटले, दूध आणायचे लिहून घेतो आहे. बिचारी समाधानाने आत गेली.
पर्याय सुचवला : 'प्रतीक्षाधीन उपलब्धता'. संचालकसाहेबांनी पाठ थोपटली.

१४ मार्च
'रांग' गेली. तिच्या जागी 'नागरी सरळता'. घरी सहज सांगितले, तर म्हणाली, अहो, रांगेला सरळता म्हटलं की पाय दुखायचे थांबतात का? यातून 'दुखणे' मिळाले. कोटा पूर्ण, आणि महिना अजून निम्मा शिल्लक! हिची जीभ म्हणजे खाण आहे. मी केवळ कुदळ.

२२ मार्च
नोंदणी कारकून जूनअखेर निवृत्त होणार आहेत; बुद्धी बहुधा आधीच झाली असावी. माझे फॉर्म पाहून त्यांनी चष्मा खाली घेतला आणि हळूच म्हणाले, साहेब, बसमधला माणूस लिहा. बसमधल्या माणसाला पत्ता नसतो. हवं तर मीच बदलतो. असे म्हणून खिशातले पेन काढलेसुद्धा! मी त्यांना नियम तीन, 'स्रोत खराच लिहावा', तोंडपाठ ऐकवला. एक काना जरी बदललात तर लेखी तक्रार करीन, म्हणालो. त्यांनी पेन परत खिशात ठेवले व शिक्का मारला. मत्सर माणसाला किती वाकवतो!

३ एप्रिल
रविवारच्या फेरफटक्यासाठी माझा कोट आजच्या आज सैल करून दे, एवढेच म्हणालो. ही कडाडली. गिऱ्हाइकांचे सात ब्लाउज पडलेत, तुमचं पोट काही आजच्या आज वाढलेलं नाही. वर म्हणाली, ह्या कटकटीतून माझी सुटका कधी व्हायची! 'कटकट' व 'सुटका', दोन्ही घेतले.

५ एप्रिल
'सुटका'च्या पर्यायावर दोन दिवस चिंतन केले. जिथे कोणी बंदिस्तच नाही, तिथे सुटकेचे प्रयोजन काय? चौथ्या रकान्यात लिहिले : 'पर्यायाची आवश्यकता नाही.' साहेबांनी दोनदा वाचले. म्हणाले, याला म्हणतात दृष्टी.

१९ एप्रिल
'वर्ज्य वाक्ये' हे आमचे मासिक पत्रक हल्ली दूधकेंद्राच्या भिंतीवर डकवतात. नागरी सरळतेत दोन तास उभे राहणाऱ्यास वाचनाची सोय. हिनेही वाचले. घरी येऊन पिशवी खाली न ठेवताच म्हणाली, भिंतीवर माझं बोलणं आहे. ते कटकटीचं वाक्य मी स्वयंपाकघरात बोलले होते. तिथे आपण दोघंच होतो. आणि मी तर कोणाला सांगितलेलं नाही.
मी म्हणालो, भाषा ही सार्वजनिक संपत्ती आहे. तिने पिशवी ठेवली. पुढे काही बोलली नाही. मौन पहिल्या रकान्यात भरता येत नाही, ही फॉर्ममधील त्रुटी होय.

४ मे
पंधरा दिवस. हिच्या तोंडून फक्त 'हो', 'नाही' आणि 'वाढलंय'. तिन्ही शब्द शासनमान्य. कोटा धोक्यात.
संकल्प : तिला बोलते करणे. भाजीची स्तुती केली. तिने भाजी उचलून आत नेली. बेतून ठेवलेल्या कापडावर हेतुपुरस्सर बूट घालून चाललो. तिने कापड झटकले, डाग आतल्या बाजूला येईल असे उलटे बेतले. गिऱ्हाइकांशी मात्र धबधब्यासारखी बोलते. मी खोलीत पाऊल टाकले की मशीन सुरू.

१२ मे
नाइलाजास्तव जुन्या आठवणींतून शब्द काढावे लागत आहेत. आज 'तरीही' पाठवला. लग्नाच्या पहिल्याच वर्षी ती म्हणाली होती, तुमच्यात एक गोष्ट धड नाही, आणि तरीही... पुढे नुसतीच हसली होती. वाक्य अपूर्ण होते. फॉर्म स्वीकारला गेला.

२६ मे
साहेबांनी बोलावले! वर्षभराची बेरीज झाली. एकाच पत्त्यावरून सत्तावीस शब्द. समस्त कार्यालयात उच्चांक. ३० तारखेला स्रोत विभागाचे लोक घरी येणार. उघडच आहे, सपत्नीक सत्कार. नोंदणी कारकून जिन्यात भेटले, काही बोलणार होते. मी घाईत होतो.
हिला सांगितले. पाच आठवड्यांत तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिले. विचारले, किती जण? दोघे, म्हणालो, आणि गाडी. तिने माझा कोट मागून घेतला व बाह्या उसवायला बसली. नंतर माळ्यावरून बॅग काढून पुसली. सत्काराची वार्ता कोणाला काय सुचवील, सांगता येत नाही.

३० मे, दुपारी १
दोघे आले. हारतुरे नव्हते, साधेपणा आवडला. कोरा चहा घेतला. एक जण म्हणाला, प्रतीक्षाधीन उपलब्धता वाटतं? आणि हसला. मी कर्त्याला शोभेल अशा विनयाने मान खाली घातली. मग दुसऱ्याने विचारले, दोघांपैकी स्रोत कोण?
मी अभिमानाने बोट दाखवले.
ती चपला घालूनच बसली होती. बॅग पायाशी. दारात थांबून म्हणाली, अहो, कोटाच्या डाव्या बाहीला नुसता धावदोरा घातलाय. पक्की शिलाई राहिली. हात वर करू नका.
निवासी भाषावर्ग असणार. पंधरा दिवस, फार तर.

१७ जून
मुख्य शब्दनिवारक झालो. खुर्ची गोल फिरते. वर्ग लांबलेला दिसतो. हिची प्रगती पाहून वरच्या इयत्तेत घातले असावे. एक बाई ब्लाउज न्यायला आल्या. पाच तयार होते, दोन मी तसेच बेतलेले दिले. एकाच्या आतल्या बाजूस बुटाचा डाग होता.

२३ जून
स्रोत विभागाच्या खिडकीशी गेलो. मुलीने विचारले, अर्ज कशासाठी? मी म्हणालो, पत्नीच्या सुटकेसाठी. तिने यादी उघडून माझ्याकडे फिरवली. शब्द एप्रिलपासून रद्द. मग पर्यायी शब्द घाला, म्हणालो. तिचे बोट चौथ्या रकान्यावर गेले. मोठ्याने वाचले : पर्यायाची आवश्यकता नाही. सर, ज्याला शब्दच नाही त्याचा अर्ज मी कसा घेऊ?
ते वाक्य कोणाचे, हे मी सांगितले नाही. काहीतरी बोलण्यासाठी हात वर केला. बाही खांद्यापासून निघाली.

३० जून
आज सकाळी दोन कप चहा केला. झाल्यावर हाक मारली. मग टेबलाशी बसून महिन्याचा शेवटचा फॉर्म भरला. शब्द : अगं. वाक्य : अगं, चहा झालाय. स्रोत : मुख्य शब्दनिवारक, स्वगृह, दुसरा मजला. पर्याय : रकाना कोरा.
गणित सरळ होते. ज्याला पत्ता आहे त्याच्याकडे गाडी येते. गाडी ज्या ठिकाणी नेते, ते ठिकाण एकच असणार. पिशवीत दोन सदरे, कोट आणि सुईदोरा घातला.
नोंदणी कारकुनांचा शेवटचा दिवस. त्यांनी फॉर्म वाचला, पुन्हा वाचला. खिशातले पेन काढून तिसरा रकाना खोडला व वर लिहिले : बसमधला अनोळखी इसम. मी नियम तीन म्हणायला लागलो, अर्ध्यावर आठवेना. त्यांनी शिक्का मारला. म्हणाले, मार्चमध्ये विचारलं, तर तुम्ही नको म्हणालात. म्हणून आज विचारलं नाही. वाचलात, साहेब.
'अगं' मंजूर झाला. उद्यापासून बंद.
बसने निघालो. माझा थांबा आला, गेला. शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले. कंडक्टर म्हणाला, काका, उतरा, घर नाही का?
मी परतीचे तिकीट मागितले.