कातडं बघितल्याशिवाय

वालूर, मार्च १९९४

प्रिय कस्तुरा,

तुझ्या आत्याच्या हातची वेडीवाकडी अक्षरं बघून हसू नकोस. देवगाव फाट्यावर गाडीची वाट बघत एसटीच्या पाट्यांवरून लिहाय-वाचायला शिकलेली बाई मी. माझं 'औरंगाबाद' मात्र झकास निघतं, पाकिटावर बघ.

हरभरा घरात आला. तुझी काळी शेळी व्याली, दोन्ही पाठी झाल्या, बोकड एकबी न्हाई. सटवाजी सांगायला आला तेव्हा असा छाती काढून उभा होता, जसं त्यालाच लेकी झाल्यात.

तुझ्या बारशाला मी त्याच्याकडे एक पाठ अर्धलीनं सोडली होती, आठवण म्हणून सांगते. पोसायची त्यानं, पिल्लं निम्मी त्याची, निम्मी तुझी. त्या पाठीच्या लेकी-नाती विकूनच तुझी एम.कॉम.ची फी भरली. दिवाळीत तू गुंतवणुकीचं पुस्तक उघडून म्हणालीस, आत्या, शेअर म्हंजे आपली अर्धलच. मी म्हणाले, अगं, अर्धलीत शेळी मेली तर सटवाजी कातडं आणून दाखवतो. कातडं बघितल्याशिवाय आपण मेली म्हणत न्हाई. तुझी कंपनी काय आणून दाखवती? तू पोट धरून हसलीस. म्हणालीस, तेच तर शिकायलेय आत्या, कंपनीचं कातडं कसं तपासायचं. तेव्हा तुझ्या डोळ्यांत जी चमक होती, ती मला लय आवडली.

आता तुझा बाप. मुंजाजी माझा धाकटा भाऊ, कडेवर खेळवलाय मी त्याला, म्हणून बोलते. सोनपेठचं स्थळ तो सोडायला तयार न्हाई. त्या लोकांचा निरोप आलाय, पोरगी या परीक्षेला बसली तर सोयरीक मोडली. जानेवारीत विद्यापीठाचं नाव बदललं, त्या नावाची पदवी त्यांना घरात नको. मुंजाजी तिथं मान खाली घालून ऐकून आला आणि आमच्यापुढं आवाज चढवला, शिकली तेवढी बास. मी म्हणाले, मुंजा, या नावापायी गावागावात गरिबाची घरं जळाली, ती बघूनही तू असं बोलायलास का? आणि ज्यांचं नाव लागलं ते बाबासाहेब परदेशात जाऊन रुपयाचंच शास्त्र शिकून आलेले, कस्तुरानं सांगितलंय मला. तिच्या पदवीला याहून चांगलं नाव कुठून आणशील? सोनपेठच्या व्याह्याचं लावतोस का? तो उठून गोठ्याकडं गेला. तेव्हापासून माझ्याशी बोलायला न्हाई. न बोलू दे. म्हशीशी बोलतो, म्हशीचं तरी ऐकतो का बघू.

मला शाळेचं दार न दाखवताच नांदायला धाडलं. विधवा होऊन माहेरी आले, शेळ्यांमागं हिंडत म्हातारी झाले. माझी परीक्षा कुणी घेतली न्हाई. तुझी घेणार आहेत, तर तू दे. एक सोयरीक मोडंल. मोडू दे.

आता हे पत्र कशापायी, ते सांगते. काल चुलीतली राख सारता सारता तुझ्या आईनं माझ्या कानात घातलं, की पहिल्या पेपरच्या आदल्या दिवशी मुंजाजी सेलूला जाऊन तार करणार आहे : आत्या अत्यवस्थ, ताबडतोब निघून ये. त्याला ठाऊक हाय, बापाच्या हुकुमानं तू येणार न्हाईस, माझ्यासाठी मात्र अनवाणी धावत सुटशील. तर ऐक. मी दोन भाकरी खाते, शेळ्यांच्या पुढं माळ चढते, आणि हे पत्र स्वतः फाट्याला जाऊन आपल्या नागनाथ कंडक्टरच्या हातात देतेय. तार आली तर घडी घालून पुस्तकात ठेव आणि पेपरला जा. कदाचित दुसरी येईल, आत्या गेली म्हणून. तरी पेपरला जा. कातडं बघितल्याशिवाय मेली म्हणायचं न्हाई. आणि खरंच गेले असले, तर शेवटचा पेपर देऊनच ये. मी काय कुठं पळून जात न्हाई.

तुझीच, अजून जिती,
चांगुणाआत्या