पारापाशी नव्हे, ओढ्याकाठी

आबा, तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली आणि आज हे लिहायला बसलोय. तोंडावर सांगायची हिंमत तेव्हा झाली नाही. तुमच्यासमोर उभं राहिलं की माझी जीभ टाळ्याला चिकटायची. हातात लेखणी असली की मात्र मी वाघ.

तालुक्याच्या कमिटीची ती बैठक आपल्या चावडीवर भरली होती. प्लेग ओसरून लोक रानातल्या झोपड्यांतून गावात परतले होते आणि वरून हुकूम आला होता की गावठाण मोकळं करा, नवी विहीर पाडा, बाजाराची वाट रुंद करा. तुम्ही गावचे पाटील आणि कमिटीचे पंच, मी तुमचा लेक, कमिटीचा मुन्शी. तुम्ही चुन्याच्या फक्कीनं जमिनीवर गाव काढलंत. ही वेस, हा मारुतीचा पार, हा ओढा. ओढ्यापलीकडचा महारवाडा काढलाच नाहीत. मुद्दाम नव्हे, तुमच्या लेखी गाव तिथंच संपत होतं. विहीर पारापाशी ठरली, आणि उमापूरच्या बाजाराची वाट महारवाड्याला वळसा घालून.

मला मात्र डोळ्यांपुढं एक बाई दिसत होती. बैठकीच्या आठवडाभर आधी ओढ्यापलीकडची ती बाई रिकामी घागर घेऊन आपल्या आडावर सकाळपासून उभी होती. तिनं आडाला हात लावायचा नाही, वरच्या आळीतल्या कुणी ओतलं तर घ्यायचं. "घागरभर वता जी, घरी मानूस तापानं तळमळतंय," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला विनवत होती. मलाही म्हणाली. मी "आलोच" म्हणालो आणि कामाला निघून गेलो. दुपारी परतलो तर ती तिथंच. चार दिवसांनी तिचा नवरा गेला. तापानं गेला की पाण्यावाचून, देव जाणे, पण मला तेव्हापासून जेवण गोड लागेना.

दरबारची भाषा उर्दू, म्हणून कमिटीचे कागद उर्दूत असायचे. पंचांना मोडी येई, उर्दू नाही. मी लिहायचं, मराठीत वाचून दाखवायचं आणि तुम्ही खाली मोडीत सही करायची, अशी रीत. तुम्हीच मला बीडला ठेवून उर्दू शिकवलंत. म्हणायचात, "कागुद ज्याला वाचता येतो, त्याचं रान कुनी लाटत न्हाई." त्या दिवशी मी लिहिलं की विहीर ओढ्याकाठी, दोन्ही वस्त्यांच्या मध्ये, सगळ्या रयतेसाठी, ओढ्यावर दगडी फरशी, आणि बाजाराची वाट महारवाड्यातून. वाचताना मोठ्यानं वाचलं, विहीर पारापाशी. माझा आवाज कापला नाही याचं आजही नवल वाटतं. तुम्ही चष्मा पुसून सावकाश सही केलीत. मग बाकीच्यांनी केली.

महिन्याभरानं विहीर खणायला वडार आले आणि त्यांच्या पहारी ओढ्याकाठी पडल्या. "कावून रे हितं? कुनी सांगितलं?" म्हणत तुम्ही धावलात. त्याच दिवशी मला गाडीत घालून तहसील गाठलीत. तहसीलदारसाहेब बैठकीला नव्हते, त्यांच्याकडे नुसता कागद पोचला होता. त्यांनी तो वाचला आणि म्हणाले, "पाटील, इसमें तो नाले के किनारेच लिखा है. दस्तखत तुमारेच हैं ना?" तुम्ही वाकून त्या सहीवर बोट ठेवलंत. एक शब्द बोलला असतात तर माझी नोकरी गेली असती, वर कैद. "हाय जी. माजीच हाय," तुम्ही म्हणालात.

परतताना गाडीत विचारलंत, "तू वाचलंस ते आन् लिवलंस ते एकच व्हतं का?" मी बैलांच्या पाठीकडे बघत म्हणालो, "एकच व्हतं, आबा." कुंपणानंच शेत खाल्लं होतं, आणि ते कुंपण तुमच्या शेजारीच बसलं होतं.

पुढच्याच आठवड्यात तुम्ही मौलवींकडे उर्दूची अलिफ-बे गिरवायला जाऊ लागलात. लोक हसले, साठी बुद्धी नाठी म्हणाले. मी हसलो नाही. तुम्ही अक्षरांवरून शब्दांवर आलात. एका दुपारी म्हणालात, "त्या कागदाची नक्कल आन." मी आणून दिली आणि दाराला टेकून उभा राहिलो. तुमचं बोट उजवीकडून डावीकडे सरकतंय, ओठ हलतायत, मध्येच थांबून तुम्ही पुन्हा मागं जाताय. शेवटी कागद घडी करून माझ्या हातात दिलात. "अक्षर लई चांगलं हाय तुजं," म्हणालात. त्यापेक्षा थोबाडीत मारली असतीत तर बरं झालं असतं.

पुढच्या उन्हाळ्यात वरच्या आळीचे आड आटले. लोक कोसभर पायपीट करू लागले, पण ओढ्याकाठच्या विहिरीवर कुणी जाईना. एका सकाळी तुम्ही उठून तिकडं निघालात. ती विधवा बाई पाणी शेंदत होती. तुम्ही खाली बसलात, ओंजळ पुढं केलीत. "घाल पानी, बाई."

"इटाळ व्हईल जी, पाटील," ती मागं सरली.

"माज्या सहीची हीर हाय. घाल."

तिनं ओतलं आणि तुम्ही पोटभर प्यालात. वरच्या आळीनं वर्षभर तुमच्या-माझ्या घरचं पाणी वर्ज्य केलं. मग हळूहळू दोन्हीकडच्या घागरी तिथं दिसू लागल्या. आता कुणाला ते दिवस आठवतही नाहीत. विहीर पाटलानं पाडली असं लोक म्हणतात, आणि मी मान डोलावतो.

हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणूनच लिहवतोय. त्या सकाळी मी तुमच्या मागं दहा पावलांवर उभा होतो. तुम्ही पिऊन झाल्यावर सरकून माझ्यासाठी जागा केलीत. मी म्हणालो, तहान नाही. तहान लागली होती, आबा. आणि त्या विहिरीचं पाणी मी अजून प्यालो नाही.