वास न सुटणारी शिदोरी

माय,

तुझ्या पणतीने काल तुझे तवे मागितले, म्हणून हे लिहिते आहे. एरवी तू गेल्यापासून इतकी वर्षं लोटली, पण तुझ्यासाठी मी एक ओळ लिहिली नाही. तुला वाचता येत नव्हतं, आणि उगाच कागद खराब करायची मला सवय नाही. पोरगी वनरक्षक झाली आहे. उद्या सकाळच्या एसटीने झरी जामणीला रुजू व्हायला निघेल. तिकडच्या जंगलात तिला गस्त घालायची आहे, पुष्कळदा एकटीने. "आजी, त्या तुझ्या मसाल्याच्या गोड कड्या करून दे. आणि तवे पण दे, खोलीवर चूल आहे म्हणे. तळलेलं मला सोसत नाही, तुला माहीतच आहे," असं ती सहज बोलून गेली. मी हो म्हटलं, आणि ती आत जाताच नकाशा काढला.

मी मुख्याध्यापिका होते. माझ्या शाळेत 'बाई, भीती वाटते' असं म्हणायची मुलींना सोय नव्हती. 'वाटू दे, चल पुढे,' असं म्हणून मी त्यांना भाषणाला उभं केलं, परीक्षेला धाडलं, कॉलेजचे अर्ज भरायला लावले. तीच मी काल घरातल्या घरात जंगलाचा नकाशा चष्मा लावून पाहत बसले. गावांमधली हिरवी जागा मोठी होती. स्वतःला 'वाटू दे' म्हणवेना. ते वाक्य मुळात तुझं आहे, म्हणून तुलाच विचारावंसं वाटलं, की त्या दिवशी ते तुझ्या तोंडून निघालं तरी कसं.

बा नागपूरला जाऊन आला, आपण बौद्ध झालो, आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात गावाने आपल्याला बंद केलं. मेलेली ढोरं यापुढे ओढणार नाही असं बाने सांगितलं होतं, एवढाच गुन्हा. घाण्यावर तेल मिळेना, दुकानात मीठ मिळेना. मीठ आणि खायचा सोडा आणायला फुलसावंगीच्या बाजारापर्यंत पायी जावं लागे, आणि येताना वाटेत पिशवी कोण उपडी करेल याचा नेम नसे. म्हणून वस्तीतली माणसं यवतमाळला कचेरीत अर्ज द्यायला निघाली. त्या पहिल्या खेपेला तू मडक्यातलं उरलंसुरलं तेल काढून शिदोरीसाठी पुऱ्या तळल्यास. तिथेच घोटाळा झाला. सण नसताना एखाद्या घरातून तळणाचा वास आला की गाव ओळखतं, एकतर पाहुणा आला आहे नाहीतर कोणीतरी लांबच्या वाटेला निघालं आहे. आणि आपल्याकडे पाहुणा यायला तेव्हा धजत कोण होतं? नाल्यावर त्यांना अडवलं. बा मोडलेला डावा हात उजव्या हातात धरून परत आला. तू हळद लावलीस, कामट्या बांधल्यास. रडली नाहीस. मी मात्र त्या दिवसापासून घरात काही शिजायला लागलं की दाराकडे पाहू लागले.

दुसऱ्या खेपेला तू तळलं नाहीस. तळायला तेलही नव्हतं म्हणा. लग्नाआधी तू यवतमाळला एका मडमबाईच्या स्वयंपाकघरात कामाला होतीस, तिथे त्या छोट्या गोल कड्या चरबीत तळत. आजची पोरं त्यांना डोनट म्हणतात. तू त्यांना निखाऱ्यांवरच्या रोडग्यासारखं भाजायचं ठरवलंस. घरच्या गव्हाचं पीठ, गूळ, बकरीच्या दुधाचं दही, चिमूटभर सोडा. तेलाऐवजी जवस भाजून पाट्यावर इतके वाटलेस की त्यांनाच तेल सुटलं. बाळंतपणातली उरलेली सुंठ, लवंग, जायफळ त्यात घातलंस, म्हणजे जास्त दिवस टिकतील. पीठ भिजून फुगल्यावर एकेक वळी करंगळीभोवती वळवून टोकं चिकटवलीस. खोलगट तव्यात वाळू, वाळूवर पितळी ताटली, ताटलीत कड्या, वर दुसरा तवा उपडा आणि त्याच्यावर निखारे. खिडकीला गोणपाट लावलंस, दार मात्र उघडं ठेवलंस. भर दुपारी बंद दार दिसलं की लोक थांबतात, असं म्हणालीस. बा आणि बाकीचे एकेक करून, बकऱ्यांच्या पाल्याला निघाल्यासारखे, आधीच नाल्यापलीकडे गेले होते.

आणि पाटलाचा माणूस दारात येऊन उभा राहतो. उंबऱ्याला शिवत नाही, पण सावली आत चुलीपर्यंत येते. मी चुलीजवळ गोधडीवर बसले आहे.

"काय तळून राह्यली वं?"

"तळाले तेल कोन देते, दादा? घान्यावर तुम्हीच सांगून ठेवा, आजच तुमच्यासाठी भजे तळतो."

"मंग हा वास कायचा?"

"पोरीले खोकला झाला. सुंठीचा काढा ठेवला." आणि माझ्याकडे न पाहता, "खोक वं, दाखव मामाले."

मला खोकता येत नाही. मी तोंड उघडते, नुसती हवा बाहेर येते. तो माझ्याकडे पाहतो, मग चुलीकडे.

"घरवाला कुठं हाय तुहा?"

"पाल्याले गेला. बकऱ्याइले बी बंद केलं काय गावानं?"

"लय चालते वं तुही जीभ. जिभीले हाड नाही तुह्या."

"हाड तं मागच्या खेपेले तुम्ही मोडलं, दादा."

तो हसतो. जात मात्र नाही. दाराच्या चौकटीला काठी टेकवतो आणि बिडी काढतो. निखारे लाल आहेत, तवा उचलायची वेळ होऊन गेली आहे, आणि तो असेपर्यंत तुला तवा उचलता येत नाही. मला गूळ करपल्याचा वास यायला लागतो. आधी बारीक, मग चांगलाच. तो नाक वर करतो. "जळून काय राह्यलं?"

तेव्हा तू उठलीस, शिंक्यातल्या लाल मिरच्या मुठीत घेतल्यास, माझ्या डोक्यावरून ओवाळल्यास आणि तव्यावरच्या निखाऱ्यांवर टाकल्यास. "नजर लागली पोरीले. कोनाची लागली, देवच जाने."

"देव सोडले म्हने तुम्ही! अन् नजर नाही सोडली काय वं?" एवढं म्हणेपर्यंत धूर दारापर्यंत गेला. त्याला ठसका लागला. मलाही लागला, आणि आता खोकला थांबेना. डोळे पुसत, शिव्या देत तो गल्लीत उतरला. धूर निवल्यावर तू तवा उचललास. कड्यांची बुडं काळी झाली होती. विळीने खरवडलीस आणि म्हणालीस, "बाले सांगू नको मिरच्याचं. ह्या साऱ्या गोष्टी सोडल्या आपण." तेवढ्यातही तुला त्याची काळजी होती.

मग त्या गरम कड्या सुतळीत ओवून तू माझ्या कमरेला, परकराच्या आत, बांधल्यास. अंगाला चटके बसत होते.

"भेव वाटते?"

"हो."

"वाटू दे. चाल नको बदलू."

पाटलाचा तो माणूस पारावर चारचौघांत बसला होता. "खोकला बरा झाला वाटते, पोरी?" मी खोकले. "कुठं चालली?" बकऱ्या पाहायला, म्हटलं. "हिची माय लय तिखट हाय," असं तो बाकीच्यांना म्हणाला आणि सगळे हसले. मी चाल बदलली नाही. पायांना पळायचं होतं, मी त्यांना पळू दिलं नाही. नाल्यापलीकडच्या पळसांत बा बसला होता. त्याने सुतळी सोडली, एक कडी मोडून खाल्ली आणि म्हणाला, "करपवल्या वाटते मायनं? तिच्या हातून कधी करपत नाही." मी मिरच्यांचं सांगितलं नाही.

ते यवतमाळला पोचले. पुढे साहेब लोक गावात आले, घाणा उघडला. तू मात्र त्या घाण्याचं तेल घरात कधी आणलं नाहीस. घरात कड्याच भाजत राहिलीस. मी कॉलेजात गेले तेव्हाही पेटीत तेच, आणि त्या तशाच सुतळीत ओवलेल्या. वसतिगृहातल्या मुली हसायच्या. मी सुतळी धुऊन ठेवायची.

आज दुपारी मी कड्या केल्या. जवस मिक्सरमध्ये फिरवले, पाट्याइतके बारीक झाले नाहीत. वास सुटला तशी पोरीने स्वयंपाकघराच्या खिडक्या सताड उघडल्या. "साऱ्या कॉलनीले कळू दे आजी, मी निघाली म्हणून!" ती पाणी प्यायला वळली आणि मी खिडक्या लावल्या. तिने पुन्हा उघडल्या. "गरम होऊन राह्यलं ना!" मी पुन्हा लावल्या. मग तिने पंखा लावला. सांगायला हवं होतं, नाही सांगितलं. तिला वाटतं आजी म्हातारी झाली, हेकट झाली. वाटू दे.

तुला एक कबूल करते, माय. त्या दिवशी मी चाल बदलली नाही, पण पारावरून पुढे गेल्यावर परकर ओला झाला होता. तू तो धुतलास आणि कधी त्याचं नाव काढलं नाहीस. मीही आजवर कोणापाशी काढलं नाही. आणि तू मला पाठवून दारात उभी होतीस, तेव्हा तुझं काय झालं होतं, हे मी तुला कधी विचारलं नाही. काल मला ते कळलं.

हा कागद धाडायला ठिकाण नाही. तव्यांत ठेवावा असंही एकदा मनात आलं. ठेवला नाही.

आज संध्याकाळी पोरीच्या हाती दिलं ते असं: तव्यांची जोडी, वरच्याचा एक कान तुटलेला. पितळी ताटली. चिमटा. भाजलेल्या जवसांची पुडी. सुंठ, लवंग, जायफळ, वेगवेगळं बांधून. डबाभर कड्या, बुडं न करपलेल्या. थोड्या लाल मिरच्या. सुतळी.

"सुतळी कशाले, आजी?" तिने विचारलं.

डब्याचं झाकण सैल आहे, म्हटलं.