उजव्या पट्टीची कबुली

चि. युनझू हिस काकाचे अनेक आशीर्वाद.

आम्ही इकडे सुखरूप आहोत. काकूचा गुडघा पावसाची वर्दी आभाळाच्या आधी देतो, आपला कुत्रा आहेई म्हातारा झाल्यापासून फक्त ओळखीच्यांवर भुंकतो, आणि तू तिकडे चांग्शा शहरात वेळेवर जेवतेस ना, हे काकूने दोनदा विचारायला सांगितलं आहे (दुसऱ्यांदा विचारलं असं समज).

काल फोनवर तू आनंदाने ओरडत होतीस, "काका, भुकटी न टाकलेली शेताची पट्टी टाकलेलीपेक्षाही स्वच्छ निघाली! आमचे ओयांग सर म्हणतात, तुमची जमीन आपोआप बरी होतेय!" जे फोनवर सांगवलं नाही, ते लिहितो. मंगळवारी तू हे परीक्षकांपुढे मांडणार आहेस. पोरी, थांब.

जूनमध्ये तू ती खनिज मातीची पांढरी भुकटी आणलीस. कण डोळ्याला न दिसणारा, तरी म्हणे आतून पोकळ नळी. जुन्या खाणीतून जमिनीत उतरलेलं कॅडमियमचं विष तिच्यात शिरलं की (माहेरी गेलेल्या तुझ्या काकूसारखं) बाहेर पडायचं नाव घेत नाही. डाव्या पट्टीत टाकायची, उजवीत मुळीच नाही, तुलनेसाठी. मी छातीवर हात ठेवून हो म्हटलं. पण रोज बांधावर गेलो की उजवी पट्टी डोळ्यांत सलायची. दोघी एकाच पाटाचं पाणी पिणाऱ्या. एकीला औषध आणि दुसरीला तुलना? अकरा दिवस कळ काढली. बाराव्या दिवशी, सगळा गाव दुपारचा आडवा झाला असताना, उरलेल्या पोत्यातली बादलीभर भुकटी घेऊन निघालो. बघतो तर काकू त्या दुखऱ्या गुडघ्यानिशी उजव्या पट्टीच्या चिखलात उभी, आणि भुकटी उधळते आहे.

"तुम्ही इथे कशाला?" ती खेकसली.

"तू कशाला?"

"मी बदकं बघायला."

"मीसुद्धा."

(बदकं घरी होती.) मग माझीही बादली तिथेच रिकामी झाली. म्हणजे उजवीला दुप्पट मिळाली. जमीन आपोआप कशी बरी झाली, ते आता कळलं ना? आमच्या मायेने तुझ्या मेहनतीचा विचका केला. हवं तेवढं रागाव, पण चार लोकांत तुझी मान खाली जायला नको.

तुझा काका,
थान देमाओ

ता. क. रडू नकोस. भुकटी उजव्या पट्टीच्या छोट्या बांधापलीकडच्या कोपऱ्याआधीच संपली होती. तिथलं भात काकूने वेगळं कापलं (आजाऱ्याला चांगल्यांत मिसळू नये म्हणून). सोबतच्या लाल दोऱ्याच्या पिशवीत तेच आहे. तुझी खरी तुलना.

आणखी एक. नऊ वर्षं आम्ही बाजारचा तांदूळ खातो, हे तुला ठाऊकच आहे. यंदाचा घरचा तांदूळ काकू रोज हातात घेते, वास घेते, आणि बाजारचाच शिजवते. नव्या भाताचा पहिला घास कुत्र्याला द्यायचा आपला रिवाज, पण ती म्हणते, "मुक्या जिवावर कसली परीक्षा?" तू पाठवलेले आकडे तिने भिंतीला लावलेत; कळत एकही नाही. यंत्रावर तिचा विश्वास नाही, तुझ्यावर आहे. तेव्हा आकडे नकोत. खरंच खाण्याजोगा असेल, तर तुझ्या हाताने एवढंच लिहून पाठव: काकू, जेव आता.