हलवायचे, लपवायचे नाही

तंजावूर हणमंतराव विठोबाराव, हे तुमचे पूर्ण नाव तुमच्यासमोर उच्चारण्याचा प्रसंग माझ्यावर कधी आला नाही. घरात तुम्ही अप्पा होता, आणि आता ते संबोधन माझ्या वाट्याला आले आहे. एका अप्पाने दुसऱ्या अप्पाला लिहिताना घोटाळा होऊ नये, म्हणून ही पुऱ्या नावाची हाक. तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षे झाली. तुम्ही सून पाहिली नाहीत, नातही पाहिली नाहीत. सून गेल्या भाद्रपदात गेली. तिच्याविषयी लिहिण्याइतके माझे मन अजून स्थिर नाही. नात सहा वर्षांची आहे. आज जे घडले ते सांगावे असा दुसरा माणूस मला आठवला नाही, कारण त्याचे मूळ तुमच्यापाशी आहे.

तुम्ही गिंडीच्या एका लहान कारखान्यात भांडारावर कारकून होता. दिवसभर वस्तू आपापल्या जागी आहेत की नाहीत ते पाहणे, हे तुमचे काम. सकाळी मी दात घासत असताना तुम्ही निघायचात आणि परत येईपर्यंत माझे डोळे जड झालेले असत. मुलाशी खेळायला वेळ मिळत नाही अशी तक्रार करण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार होता. ती तुम्ही कधी केली नाहीत. नवरात्रात आई कोलूसाठी रचलेल्या लाकडी पायऱ्यांवर बाहुल्या मांडी, आणि पायऱ्यांच्या तळाशी माझी बाग असे. परातीत वाळू, तिच्यात उगवलेली मेथी, फुटक्या आरशाचे तळे, त्याच्या काठी मातीचा हत्ती, एक पोलीस आणि दुकान मांडून बसलेला चेट्टियार. कामावर निघताना तुम्ही त्यांतली एकच वस्तू हलवायचात, चपलेत पाय घालता घालता विचारायचात, "काय हललं?" आणि उत्तराची वाट न पाहता जायचात. उत्तर संध्याकाळी द्यायचे असे. तेवढ्या एका प्रश्नावर माझा दिवस तुमच्या सोबतीत जाई. मग माझी पाळी. मी हलवलेली वस्तू तुम्हाला कधीही चटकन सापडत नसे. हातातला डबा खाली न ठेवता तुम्ही परातीसमोर उकिडवे बसायचात, पोलिसाकडे संशयाने पाहायचात, हत्तीची चौकशी करायचात, आणि चेट्टियार उघड उघड तळ्यात बसलेला असे. आई आतून म्हणे, "चष्मा बदला आता, कारखाना बुडवाल."

नवरात्र संपले, बाहुल्या तुमच्या नेसून जुन्या झालेल्या वेष्टीच्या तुकड्यांत गुंडाळून पेटीत गेल्या, तेव्हा मी रडलो होतो. बाहुल्याच हलतात असे कोणी सांगितले, असे तुम्ही विचारलेत. दुसऱ्या दिवशी कॉफी निववायचा डवरा खिडकीत पालथा होता. त्यानंतर आपल्या घरात बारा महिने काही ना काही हलत राहिले. एकदा मात्र मी तुमचा चष्मा तांदळाच्या डब्यात, तांदळाच्या आत खुपसला. तुम्ही कामावर उशिरा पोहोचलात. त्या संध्याकाळी तुम्ही मला समोर उभे केलेत. आवाज चढवला नाहीत. "हलवायचं, लपवायचं नाही," तुम्ही म्हणालात. "लपवलेलं शोधताना माणूस चिडतो, कण्णा. हलवलेलं सापडलं की हसतो. घरी आल्यावर मी काय केलेलं तुला पाहिजे?" हसलेले पाहिजे, असे मी सांगितले. पुढे मी अभियंता झालो, अनेक वरिष्ठांच्या हाताखाली काम केले, परंतु याहून स्पष्ट नियम मला कोणी घालून दिला नाही.

आपल्याकडे कोणी गेले की वर्षाच्या आत सण करत नाहीत, हे तुम्हाला सांगायला नको. गेल्या नवरात्रात सासूबाई तंजावूरहून राहायला आल्या, त्या आजवर आमच्याकडेच होत्या; पेटी उघडायची नाही, शेजारी प्रसादाचे सुंडल खायला जायचे नाही, असे त्यांनी सांगितले. नियम योग्य होता आणि मी तो काटेकोरपणे पाळला. मुलगी रोज त्या बंद पेटीशेजारी बसून राही. तिने काही मागितले नाही. त्यानंतर तिने काही मागणेच सोडले. विचारले तर उत्तर देई, नीट देई, पण आपण होऊन एक अक्षर नाही. माझा कारखाना शहराबाहेर इरुंगाट्टुकोट्टैला आणि घर शहरात नुंगंबाक्कमला. कंपनीची बस उजाडण्यापूर्वी येते आणि दिवेलागणीनंतर सोडते. फेब्रुवारीत सासूबाईंनी मुलीला तंजावूरला नेण्याचा विषय काढला. मी कारखान्याजवळ घर पाहिले आहे, शाळाही जवळ आहे, संध्याकाळी मी वेळेवर घरी असेन, असे मी क्रमाने मांडले. त्यांनी ऐकून घेतले.

"घर जवळ केलंत, बरं केलंत," त्या म्हणाल्या. "ती जवळ आली का तुमच्या? तिनं आपण होऊन तुम्हाला एक गोष्ट विचारू दे, मी एकटी तंजावूरला जाते. नाहीतर शाळा उघडायच्या आत तिला घेऊन जाते. मग मला अडवू नका."

हे बोलणे कठोर नव्हते. त्यांची स्वतःची मुलगी गेली होती, आणि नातीचा आवाज त्यांना ऐकायचा होता. मलाही ऐकायचा होता. तो कसा मिळवावा हे मला ठाऊक नव्हते, म्हणून मी तुमचेच केले. निघताना तूरडाळीचा डबा उचलून मिठाच्या जागी ठेवला, झोपेतून उठलेल्या मुलीला विचारले, "काय हललं?" आणि निघालो. परतलो तेव्हा डबा पूर्ववत जागेवर होता. दुसऱ्या दिवशी मोहरीचे तेच झाले, मग कॉफीच्या फिल्टरचे. मला वाटले, खेळ तिला समजला नाही. एका रविवारी मी तिला स्टुलावर चढून डबा परत ठेवताना पाहिले. ठेवल्यावर तिने तो बोटाने किंचित फिरवून त्याच्यावरची नावाची चिठ्ठी समोर आणली. तिची आई असेच करत असे. त्या स्वयंपाकघरातील प्रत्येक वस्तू तिच्या आईने ठेवलेल्या जागी होती, आणि मी तीच हलवत होतो.

तेव्हापासून मी केवळ माझ्या वस्तू हलवल्या. एक बूट खुर्चीवर. कंगवा कॅलेंडरच्या खिळ्याला. कंपनीची टोपी पाण्याच्या कॅनवर. संध्याकाळी ती बोट दाखवी, बोलत नसे. टोपीच्या दिवशी तिचे ओठ हलले असे सासूबाईंचे म्हणणे. मी बसमध्ये होतो. तिने स्वतः मात्र कधी काही हलवले नाही. शोधण्याची माझी पाळी आलीच नाही.

आज सामानाचा टेम्पो दुपारीच नव्या घरी पुढे गेला. घर रिकामे. खालच्या मजल्यावर घरमालक किल्ल्यांसाठी थांबलेले. सासूबाई जिन्याच्या तोंडाशी पिशवी घेऊन उभ्या होत्या, आणि त्या पिशवीत मुलीचे कपडेही होते. ते मला दिसावेत म्हणून वरच ठेवले होते. मी किल्ल्यांचा जुडगा घ्यायला खिडकीपाशी गेलो. तो तिथे नव्हता. खिसे तपासले. घरमालकांनी खालून हाक दिली. कारखान्यात जो आवाज लावतो त्या आवाजात मी मुलीला विचारणार होतो, इतक्यात ती भिंतीला टेकून म्हणाली, "अप्पा, काय हललं?"

मी शोधू लागलो. रिकाम्या घरात शोधण्यासारखे फार काही नसते, तरी मी खिडकीच्या गजांची चौकशी केली, नळाकडे संशयाने पाहिले. ती हसू लागली, मग हातांनी तोंड दाबून हसू लागली. अखेर स्वयंपाकघरातील मोकळ्या फळीवर, जिथे तिच्या आईचा फिल्टर असे, तिथे किल्ल्या मला सापडल्या. कशानेही झाकलेल्या नव्हत्या. हा नियम मी तिला सांगितलेला नव्हता.

सासूबाई आत आल्या. त्यांनी पिशवीतून मुलीचे कपडे काढून माझ्या हातात दिले. "हे तुम्हीच न्या," त्या म्हणाल्या, "माझ्या पिशवीत जागा नाही." आणि पदराने डोळे टिपत भिंतीकडे वळल्या.

हे पत्र कुठे पाठवायचे नाही, म्हणून एक गोष्ट मान्य करतो. किल्ल्या मला स्वयंपाकघराच्या दारातूनच दिसल्या होत्या. तुम्हाला चष्मा बदलण्याची गरज कधीच नव्हती, हे मला आज कळले. त्यानंतर दाराला कुलूप लावले आणि किल्ल्या घरमालकांना परत दिल्या.