थोरलीचा भरडा

अहो,

जेवण झाकून ठेवलंय. मी प्रार्थनेला जाते आहे. भरड्याच्या खोलीची किल्ली शोधत बसू नका. ती माझ्याजवळ आहे आणि माझ्याजवळच राहील.

थोरलीला आज मी पोटभर भरडा घातला. डुकरीण माजते म्हणून सुरुवातीला तुम्ही हात आखडलात, तेव्हा मी गप्प बसले, कारण ते बरोबरच होतं. पण आता तिचे दिवस भरत आलेत, आणि पिल्लं अंग धरतात ती आत्ताच. धाकटीला शेवटपर्यंत अर्धपोटी ठेवलंत, तेव्हा उंदरांएवढी पिल्लं निघाली. त्यांना आचळसुद्धा धरवेना. शेगडीपाशी त्यांना ऊब देत मी बसले होते, तुम्ही नाही.

काल जेवताना सुनेसमोर हसून म्हणालात, "तू रोज उपास करतेस, तुला काय होतंय? थोरलीलाही होईल सवय."

उपास मी आपणहून धरते, आणि माझ्या पोटात कोणी नाही. थोरलीच्या आहे. सुनेच्याही आहे. तुमचं ऐकून तिनं दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही, ते मी पाहिलं.

आजपासून दोघींना मीच वाढणार. ओरडायचं असेल तर मी येईपर्यंत थांबा.